नऊ शिट्ट्यांचा भात

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या घरात आवाज म्हणावा असा एकच होता, आईच्या कुकरचा. बाकी सगळं बंद. खिडक्या एसीसाठी बंद, दारं डासांसाठी बंद, आणि शेजारी कोण राहतं ते त्यांच्या गाडीच्या रंगावरून ओळखायचं. आप्पा, म्हणजे बाबांचे वडील, आटपाडीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आले, तेव्हा पहिले काही दिवस त्यांना वाटत होतं की आळीत कोणीतरी वारलंय आणि म्हणून सगळे असे गप्प आहेत. आईने त्यांना समजावलं की इथे असंच असतं. त्यावर ते बरं म्हणाले, पण त्यांना ते काही पटलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःपुरतं एक घड्याळ शोधून काढलं. अकराच्या सुमाराला कुकर लागायचा. पहिल्या शिट्टीला आप्पा वर्तमानपत्राची घडी घालायचे (वर्तमानपत्र इंग्रजी, पण घडी पुणेरी वर्तमानपत्राची घालावी तशीच), दुसरीला चष्मा काढून डबीत ठेवायचे, आणि तिसरी झाली की उठून हात धुवायला जायचे. आई भाताला तीनच शिट्ट्या काढायची. चौथी कधी झाली तर ती घरातल्या सगळ्यांना ऐकू जायची आणि आईचं आज काहीतरी बिनसलंय हे कळायचं.

आता माझ्या मुलाने मला विजेवरचा कुकर आणून दिलाय. तो शिट्टी वाजवत नाही, काम झालं की नम्रपणे टिंग म्हणतो. मी त्यात फार तर साबुदाणा भिजत घालते. भात मी अजून शिट्टीच्याच कुकरमध्ये लावते, आणि का लावते ते घरात कोणाला नीटसं माहीत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आप्पा निवृत्त मोजणीदार होते. सरकारी जमीनमोजणीत सगळी नोकरी काढलेली, साखळी आणि झेंड्या घेऊन माणदेशातले उन्हाळे पायी तुडवलेले. अशा माणसाला बाबांनी कौतुकाने मॉल दाखवले, सोळा पदरी हायवे दाखवला, ओळखीच्या झाडून सगळ्या मराठी घरांत जेवायला नेलं. आप्पा कुठेही गेले तरी आधी अंगण बघायचे. सगळीकडे तेच हिरवं, कापलेलं गवत. परत जायला महिना उरला तेव्हा एका रात्री जेवताना त्यांनी विचारलं, ‘‘तुमच्या या देशात उघडा माळ म्हणून कुठे नाही का रे?’’ बाबांच्या ऑफिसात त्या वर्षी तेलाचे भाव पडल्यामुळे टेबलं एकेक करून रिकामी होत होती, आणि विमानाने कुठेतरी जायचं आमचं ठरलेलं होतं ते बाबांनी गुपचूप कॅन्सल केलं होतं. माळ म्हटल्यावर त्यांना एकदम हायसं वाटलेलं मला दिसलं. टेक्सासच्या पार पश्चिमेला, मेक्सिकोच्या सीमेला लागून, वाळवंटातलं एक मोठं संरक्षित उद्यान होतं. जायला बारा तास, राहायला तंबू. ऑफिसातल्या एकाने तंबू उसना दिला आणि मार्चच्या सुटीत आम्ही निघालो.

मराठी बाई वाळवंटात जाते तेव्हा काय नेते हे मी सांगू शकते. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू, लोणच्याची बरणी दोन टॉवेलांत गुंडाळून, दह्याचं विरजण, आणि कुकर. कुकरच्या पोटात तांदळाची आणि डाळीची पुरचुंडी, म्हणजे जागा वाया जायला नको. बाबा म्हणाले, लोक तिथे सँडविच खाऊन राहतात. आई म्हणाली, राहू देत. गॅसची छोटी शेगडी तिने मांडीवर घेतली आणि विषय संपला. मागच्या सीटवर मी, आप्पा आणि सात वर्षांची मिनू. मिनू इथेच जन्मलेली. बाबांचा नियम होता की उंबऱ्याच्या आत मराठी बोलायचं, आणि मिनूने तो नियम असा लावला होता की ऐकायचं मराठी आणि बोलायचं इंग्रजी. मी पाच वर्षांची असताना आले, त्यामुळे मला दोन्ही येत होतं आणि चौदाव्या वर्षी दोन्हींचा कंटाळा होता. दुपारनंतर झाडं संपली, मग घरं संपली, मग कुंपणंही संपली. आप्पांनी काच खाली केली आणि पुढे तीन तास ती वर करू दिली नाही. आईच्या केसांचं पार शिप्तर झालं, मग तिने पदर डोक्यावरून घेतला.

उद्यानातल्या तळावर मोजून सहा-सात तंबू होते. पाण्याचा एकच नळ, आणि लांब कोपऱ्यात लाकडी खोपटं. ते खोपटं म्हणजे संडास. आत खोल खड्डा, वर बसायला खुर्चीसारखं काहीतरी, भिंतीला कागदाची गुंडाळी, आणि पाणी नाही. आप्पा आत गेले आणि लगेच बाहेर आले. त्यांनी काही तक्रार केली नाही. फक्त आपल्या पिशवीतून पितळी तांब्या काढून तो नळाखाली धरून विसळला आणि भरून तंबूच्या दाराशी ठेवला. ते बघून मी आधी आजूबाजूला नजर फिरवली, कारण आमच्या बाजूलाच एक अमेरिकन कुटुंब उतरलं होतं आणि त्यांची माझ्याच वयाची मुलगी घडीच्या खुर्चीवर पाय पसरून बसली होती. तिचं नाव करेन. तिचे केस सोनेरी, दात सरळ, आणि तिचे आजोबा, असतील तर, तांब्या घेऊन फिरणारे नक्कीच नसणार.

व्हायचं तेच झालं. पहिल्याच सकाळी मी नळावर दात घासत होते, करेनही होती, आणि तंबूंच्या मागच्या झुडपांतून आप्पा निवांत चालत आले. अंगात बंडी, खाली धोतर, हातात रिकामा तांब्या. करेनने हात हलवून गुड मॉर्निंग म्हटलं. आप्पांनीही तांब्याचा हात वर करून गुड मॉर्निंग म्हटलं. तिने मला विचारलं, ते काय आहे त्यांच्या हातात? मी म्हणाले, मला माहीत नाही. हे वाक्य मी आयुष्यात बोलले आहे आणि ते मला खोडता येत नाही.

त्यानंतर आप्पांना एकटं गाठून (मिनू जवळच खेळत होती, पण तिला मी धरलंच नाही) मी जे बोलले ते असं होतं. ‘‘आप्पा, प्लीज, असं तांब्या घेऊन नका ना जाऊ. लोक बघतात. आणि जायचंच असेल तर लांब जा. कोणालाच दिसणार नाही इतकं लांब.’’

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, ‘‘बरं, बाळ.’’

तो पहिला दिवस मात्र फार सुंदर गेला, आणि ते मला त्या वेळी कळलं नाही याचं आज वाईट वाटतं. एका रेंजरबाईंनी आम्हाला नकाशा दिला. उंच, उन्हाने चेहरा रापलेल्या, टोपी डोळ्यांपर्यंत. त्यांनी बजावलं की इथे मार्च असला तरी दुपार सोपी नसते, माणशी गॅलनभर पाणी जवळ ठेवा आणि पायवाट सोडू नका. आप्पांना हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, त्या बाईला जमिनीची अक्कल आहे म्हणाले. मग आम्ही पायवाटेने चाललो आणि आप्पा जे बोलायला लागले ते थांबेचनात. आल्यापासून कधी ऐकलं नव्हतं इतकं बोलले. ही बघ घायपात, आपल्याकडे बांधावर असते तीच. हा फड्या निवडुंग. ही माती बघ, हिच्यात चुनखडी आहे. मिनूला त्यांनी पावलं मोजायला लावली आणि तिची शंभर पावलं म्हणजे किती ते हिशोब करून सांगितलं. साखळी कशी ताणायची, झेंडी धरणाऱ्या माणसाने का हलायचं नाही, तो हलला तर अख्खं शेत कसं तिरकं होतं, ते सगळं ते बाबांना सांगत होते आणि बाबा लहान मुलासारखे ऐकत होते. मी मागे मागे चालत होते, करेन कुठे दिसते का ते बघत.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी उठले तर आप्पांचं अंथरूण नीट घडी घालून ठेवलेलं. तांब्या नाही, कॅनव्हासचे बूट नाहीत. चष्म्याची डबी उशाशी तशीच, चष्म्यासकट. सात वाजेपर्यंत कोणाला काही वाटलं नाही. साडेसातला आईने चहा दुसऱ्यांदा गरम केला. आठला बाबा झुडपांमागे जाऊन हाका मारून आले. साडेआठला गाडी काढून चौकीवर गेले आणि रेंजरबाईंना घेऊनच परतले. पायवाटेवर आप्पांच्या बुटांचे ठसे मिळाले, म्हणून सगळे तिकडे पूर्वेला शोधत गेले. ते ठसे आदल्या दिवशीचे होते हे नंतर कळलं. बाईंची जीप आणि आमची स्टेशन वॅगन, दोन्ही हॉर्न वाजवत रस्त्याने फिरत होत्या. करेनचे वडीलही निघाले. ऊन वर चढत होतं आणि जमीन तापल्याचा वास यायला लागला होता. दहाच्या पुढे रेंजरबाई आल्या, आईच्या शेजारी उभ्या राहून शांतपणे विचारू लागल्या की वय किती, औषधं कोणती, पाणी किती बरोबर आहे. मी भाषांतर करत होते. वय बहात्तर. औषध रक्तदाबाचं. पाणी एक तांब्या, आणि तेही पिण्यासाठी नाही. बाई म्हणाल्या, दुपार व्हायच्या आत सापडायला हवेत. मी त्याचं भाषांतर केलं नाही, पण आईला ते कळलं.

बाबा घामाने निथळत परत आले. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, ‘‘पण हे इतके लांब गेलेच कशाला? काल इथेच तर गेले होते मागे. इथल्या इथे जाऊन यायचं सोडून...’’

मिनू गाडीच्या पायरीवर बसून लाडू खात होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, ‘‘बिकॉज ताई टोल्ड हिम टू. शी सेड, सो फार दॅट नोबडी कॅन सी.’’

बाबांना ऐकू गेलं नाही, ते तोंडावर पाणी मारत होते. आईला गेलं. तिने माझ्याकडे वळून बघितलं. मी आजवर पुष्कळ लोकांची बोलणी खाल्ली, परीक्षांत नापास झाले, एकदा नोकरीवरून काढलं गेलं, पण त्या बघण्याइतकं मला काहीच लागलेलं नाही. मला वाटलं, आप्पा मेले तर ते मी मारलेले असतील, आणि एका मुलीच्या सरळ दातांसाठी मारलेले असतील. मी रडायला लागले. आई मला जवळ घ्यायला आली नाही. ती उठली, शेगडी उघड्यावर आणून दगडावर ठेवली आणि कुकर काढला.

बाबा बघतच राहिले. ‘‘आत्ता स्वयंपाक सुचतोय तुला?’’

‘‘अकरा वाजत आले,’’ आई म्हणाली. ‘‘ते आले की त्यांना भूक लागलेली असेल.’’

बाबा कपाळावर हात मारून पुन्हा गाडीकडे गेले. मलाही वाटलं की आईचं डोकं फिरलं. तिने तांदूळ धुतले, वाटीभरच, आणि पाणी मात्र इतकं घातलं की त्याची पेज झाली असती. झाकण लावलं, शिट्टी बसवली आणि शेगडीसमोर उकिडवी बसली. वारा पडला होता. तिथली शांतता शुगर लँडच्या घरासारखी बंद नव्हती, ती चारही बाजूंनी उघडी होती, आणि तिच्यात पहिली शिट्टी झाली तेव्हा करेनची आई दचकून उभी राहिली. तिला वाटलं काहीतरी फुटतंय. मी रडत रडत तिला सांगितलं की इट्स ओन्ली राइस. दुसरी शिट्टी झाली. मग तिसरी. सवयीने माझा हात शेगडीच्या चावीकडे गेला.

‘‘आई, तीन झाल्या.’’

‘‘होऊ दे,’’ ती म्हणाली आणि माझा हात बाजूला केला.

तेव्हा मला कळलं की ती भात करत नव्हती. चौथी झाली, पाचवी झाली. आईचे ओठ हलत होते, पण ती देवाचं नाव घेत नव्हती, मोजत होती. आठवीनंतर करपल्याचा वास यायला लागला. नववी शिट्टी झाली आणि पश्चिमेच्या बाजूला, जिकडे कोणीच गेलं नव्हतं, तिथल्या बुटक्या टेकाडावर आधी पांढरी टोपी दिसली, मग बंडी, मग धोतर, आणि मग उन्हात चमकणारा तांब्या.

मी धावले. बाबाही धावले, मिनूही, करेनचे वडीलही. आई जागची उठली नाही. तिने गॅस बंद केला आणि तिथेच बसून पदरात तोंड घालून ती इतकी रडली की रेंजरबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. आप्पांचे ओठ सुकून तडकले होते, पाय लटपटत होते, पण चालत ते स्वतः आले. सावलीत बसवून बाईंनी त्यांना घोटाघोटाने पाणी दिलं, नाडी बघितली, पाय वर करून ठेवायला लावले. मग बाईंनी आपली टोपी काढून स्वतःलाच वारा घातला आणि मोठा श्वास सोडला. थोड्या वेळाने आप्पांच्या तोंडातून पहिला शब्द आला, आणि तो आईसाठी होता. ‘‘सूनबाई, आज तीनच्या नऊ केल्यास. भात लागला असेल खाली.’’ आई रडता रडता हसली आणि बाबांना जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. भात खरोखरच कोळसा झाला होता. आम्ही तो वरवरचा काढून दह्याशी खाल्ला, आणि रेंजरबाईंनीही दोन घास खाल्ले.

टेकाडापलीकडे ओढ्याचं कोरडं पात्र होतं. आप्पा अंधारात त्यात उतरले, आणि उजाडल्यावर वर आले तर सगळीकडे तेच कमरेएवढं झुडूप. ना झाड, ना कळस, ना कोणाचा बांध. चष्मा नाही. तासभर चालल्यावर आपलेच ठसे समोर आले तेव्हा ते शहाण्या माणसासारखे काठाच्या सावलीला बसले. बाबांनी विचारलं, आम्ही एवढे हॉर्न वाजवले ते ऐकू नाही आले? आले की, आप्पा म्हणाले. पण हॉर्न म्हणजे बाजूला व्हा. कोणाची तरी गाडी चाललीय, मला काय त्याचं? मग कुकर ऐकू आला. आधी वाटलं भास आहे. दुसऱ्या शिट्टीला उठून उभे राहिले, तिसरीला दिशा पक्की केली, आणि पुढच्या प्रत्येक शिट्टीला ती तपासत आले. चौथी झाली तेव्हाच समजलं की सूनबाई आपल्याला बोलावतेय.

‘‘पण तुम्ही इतके लांब गेलात कशाला?’’ बाबांनी विचारलंच.

मी मिनूकडे बघितलं. मिनूने तोंड उघडलं, आणि आईने त्या तोंडात अख्खा लाडू कोंबला.

‘‘मोजणीदाराची खोड,’’ आप्पा म्हणाले. ‘‘जमीन बघितली की पाय थांबत नाहीत.’’

दुपारी सगळे पेंगले तेव्हा मी त्यांच्या हातावर पाणी घालत होते. मी म्हणाले, ‘‘आप्पा, मी बोलले म्हणून तुम्ही गेलात. माझ्यामुळे झालं सगळं. मला माफ करा.’’ त्यांनी हात धोतराला पुसले. जराही न हसता, एखाद्या हाताखालच्या माणसाला काम समजावून सांगावं तसे ते म्हणाले, ‘‘तू लांब जा म्हणालीस. लांब म्हणजे किती, ते मी विचारून घ्यायला हवं होतं. आकडा न घेता निघालो ही माझी चूक.’’ मग त्यांनी हळूच विचारलं, ‘‘आज तरी कोणाला दिसलो नाही ना?’’

ते खरंच काळजीने विचारत होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे मीच त्यांना उठवलं. चष्मा डोळ्यांवर चढवला, तांब्या नळावरून भरून आणला आणि हातात दिला. तंबूचा एक जादा खांब होता, त्याला मिनूचा नारिंगी टॉवेल बांधला आणि तळाच्या कडेला तो दोन्ही हातांनी सरळ धरून उभी राहिले. आप्पांनी लांबून मागे वळून बघितलं आणि हाताने खूण केली, थोडी डावीकडे. मी सरकले. मग त्यांनी तळहात दाखवला, म्हणजे आता हलायचं नाही. मी हलले नाही. थोड्या वेळाने करेन दात घासायला आली. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, हा झेंडा कशासाठी? मी तिला सांगितलं की माझे आजोबा तिकडे शौचाला गेलेत, त्यांच्या हातात तांब्या आहे, तो पाण्यासाठी असतो, आणि परत यायची दिशा त्यांना दिसावी म्हणून मी इथे उभी आहे. हे मी इंग्रजीत सांगितलं, आणि चांगलं मोठ्याने.